पाचवा गिअर

गेल्या गणेशोत्सवानंतरची गोष्ट. मखर, ताशे, दोन भली मोठी पातेली आणि उरलेल्या मोदकांचे डबे असा सगळा संसार पिकअपमध्ये भरून आम्ही मोटरवेने घरी निघालो होतो. चढ लागला आणि पाचवा गिअर 'खट्ट' आवाज करून आपोआप बाहेर आला. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. शेवटी डाव्या हाताने दांडा दाबून धरून घर गाठलं. शेजारी बसलेली सौ. एवढंच म्हणाली, "अहो, आता तरी द्या ही भंगारात!"

मंडळातल्या बहुतेकांना आमची ही हिरवी लँडरोव्हर माहीत आहे. १९८४ सालची वन टेन पिकअप, एका शेतकऱ्याकडून १९९७ मध्ये घेतलेली. तेव्हापासून दरवर्षी गणपतीचं सामान हिच्यातूनच हॉलवर जातं. आमचा मुलगा हिच्यातच गाडी चालवायला शिकला. आता तो एडिंबराला असतो. रविवारी फोन येतो. "कसं काय बाबा?" "बरं आहे." झालं. सौ.ने फोन घेतला की मात्र अर्धा तास!

लँडरोव्हरशी आपलं नातं तसं जुनं आहे. १९४७ साली मॉरिस विल्क्स यांना वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर वापरात असलेली अमेरिकन विलीज जीप पाहून ही कल्पना सुचली, आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँडरोव्हर जगापुढे आली. त्याच सुमारास मुंबईत महिंद्रांनी तीच विलीज जीप जोडायला घेतली. म्हणजे गावाकडची तलाठ्याची जीप आणि इथल्या शेतकऱ्याची लँडरोव्हर, दोघी मावसबहिणीच म्हणायच्या. २००८ साली टाटांनी ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तर आपल्याकडे सोयरीक झाल्याचा आनंद झाला होता.

तर, दुखणं काय होतं? मूळ डिझेल इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, जेमतेम १५५ न्यूटन-मीटर. आधीच्या मालकाने ते काढून डिस्कव्हरीचं २०० टीडीआय इंजिन बसवलं होतं. त्याचा पीळ २६५. गिअरबॉक्स मात्र तोच, एलटी ७७. एलटी म्हणजे लेलँड ट्रान्समिशन आणि ७७ म्हणजे आतल्या दोन शाफ्टमधलं मिलिमीटरमधलं अंतर. डिस्कव्हरीत याच जातीच्या गिअरबॉक्सने हे इंजिन पेललं होतं, त्यामुळे दोष त्याचा नाही. चाळीस वर्षं झिजलेल्या हाडांवर मी तरण्या बैलाचं जू ठेवलं, आणि तेल बदलायचा आळसही केला. दोष माझा.

एका गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, "गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होईल." रविवारच्या फोनवर हे सहज बोलून गेलो. पलीकडे दोन क्षण शांतता. मग मुलगा म्हणाला, "बाबा, विकू नका. मी रजा काढतो. आपण आर ३८० बसवू."

आर ३८० हा त्याच घराण्यातला थोरला भाऊ, १९९४ पासूनचा. नावातच ताकद सांगितली आहे: ३८० न्यूटन-मीटर. पण बाजारात दिसला आणि उचलला असं करू नका. याचे वेगवेगळे प्रकार आहेत. इंजिनाला जोडणारं बेलहाउसिंग लांब की आखूड, आतला शाफ्ट किती लांब, हे जुळलं तरच तो जागेवर बसतो. जुन्या एलटी ७७ च्या जागी आखूड प्रकार लागतो. इथले मेकॅनिक त्याला 'स्टम्पी' म्हणतात. तो दुरुस्त करून घेतलेला मिळाला. माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनचा चुराडा!

मुलगा शुक्रवारी रात्री आला. शनिवारी सकाळी आधी बॅटरीची तार सोडली, मग सीटमधला पत्र्याचा बोगदा, दोन्ही प्रॉपशाफ्ट आणि खालचा आडवा बीम काढला. त्या बीमने दुपारपर्यंत दाद दिली नाही. गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला चिकटलेला ट्रान्स्फर बॉक्स मिळून वजन असं, की दोन माणसांनी हातावर पेलायचं धाडस करू नये. भाड्याची क्रेन दारातून आत घातली आणि धूड बाहेर काढलं.

एवढं उघडलंच आहे तर तीन गोष्टी त्याच वेळी कराव्यात, हा मुलाचा आग्रह. क्लच प्लेट आणि बेअरिंग नवं. इंजिनाच्या मागचं ऑइल सील नवं. आणि ट्रान्स्फर बॉक्समधला पहिला गिअर तेलासाठी भोकं पाडलेला, कारण तिथल्या खाचा तेलावाचून कोरड्या पडून झिजतात. जुन्या गिअरच्या खाचा हातात घेऊन पाहिल्या, तर धार लावल्यासारख्या टोकदार झालेल्या!

ते पाच दिवस गाडीखाली आडवे पडून आम्ही जेवढं बोललो, तेवढं पाच वर्षांत बोललो नव्हतो. "दहाचा पाना द्या" यावरून सुरू झालेलं बोलणं त्याच्या नोकरीवर, तिथल्या एकटेपणावर, माझ्या ब्लडप्रेशरवर कधी आलं, कळलंच नाही. समोरासमोर सोफ्यावर बसून हे विषय निघाले नसते. सौ. चहा घेऊन यायची, दोन जोडी पाय बाहेर आलेले बघायची आणि न बोलता परत जायची.

एक इशारा. एलटी ७७ चा रिव्हर्स डावीकडे पुढे. आर ३८० चा उजवीकडे मागे, पाचव्याच्या खाली. सत्तावीस वर्षांच्या सवयीने मी डावीकडे पुढे दांडा ढकलला, पहिला गिअर पडला आणि गाडी मागे जायच्या ऐवजी गॅरेजच्या दाराला भेटायला निघाली. दार वाचलं, माझी अब्रू नाही.

विमा कंपनीला बदल कळवा, हेही विसरू नका. राहिला लंडनच्या युलेझचा प्रश्न, जो २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या बरोंना लागू झाला. चाळिशी ओलांडून ऐतिहासिक वर्गात नोंदलेली गाडी त्यातून सुटते. म्हातारपणाचे काही फायदे असतात ते असे!

रविवारी फोन अजून येतो. मुलगा आधी विचारतो, "पाचवा गिअर राहतोय ना?" मी म्हणतो, "राहतोय." आणि मग आम्ही बोलत बसतो. सौ.ला आता फोनसाठी थांबावं लागतं.