लेटरहेड भरत गेलं, पाटी मागे राहिली

2014 साली पालघर–उमरोळी–बोईसर पट्ट्यातल्या कंपन्यांची लेटरहेडं एकाच वर्षात दोनदा जुनी झाली. 1 एप्रिलला नव्या कंपनी कायद्याचं कलम 12 लागू झालं आणि 1 ऑगस्टला पालघर जिल्हा जन्मला. पहिल्यामुळे मथळ्यावर 21 अक्षरी ओळख क्रमांक, फोन आणि ई-मेल आले. दुसऱ्यामुळे पत्त्यातलं 'जि. ठाणे' गेलं.

त्याआधीचा काळ सुटसुटीत होता. 1956 च्या कायद्याला पत्रांवर आणि बिलांवर कंपनीचं नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता एवढंच हवं होतं. नावातलं 'लिमिटेड' समोरच्याला बजावायचं की भागधारकांची जबाबदारी मर्यादित आहे, उधारी बघून द्या. पत्त्यालाही तितकंच मोल होतं. कारखाना तारापूरच्या एमआयडीसीत आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असलं, तर थकलेल्या बिलाची नोटीस मुंबईलाच पाठवावी लागते. नव्या कायद्याने आणखी एक सोय केली: नाव बदललं, तर पुढची दोन वर्षं नव्या नावासोबत जुनंही छापायचं. गेटवरचं नाव बदललं तरी जुनं देणं बुडत नाही. पण ते कुणाकडे मागायचं, हे माल पुरवणाऱ्याला कळायला हवं.

छोट्या दुकानदाराचं काम 1948 च्या दुकानांच्या कायद्याखालच्या गुमास्ता लायसन्सवर भागत होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि नोंदणी असलेल्या प्रत्येकाच्या बिलावर '27' ने सुरू होणारा 15 अक्षरी क्रमांक चढला. तो दारावरच्या पाटीवरही लिहायचा असतो. बिलात क्रमांक चुकला की घेणाऱ्याचं क्रेडिट अडकतं, म्हणून तो घेणाराच तपासून घेतो. इथे इन्स्पेक्टरची वाट बघावी लागत नाही.

पाटीच्या लिपीचं तसं नव्हतं. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत, असंही ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे रंगाऱ्यांना काम मिळालं. कंपन्यांसाठी मात्र हे नवं नव्हतंच. जिथे जिथे धंदा चालतो तिथे बाहेर नाव लावा आणि ते त्या भागातल्या भाषेच्या लिपीतही लिहा, असं 1956 चा कायदा सांगत होता; 2013 च्या कायद्यानेही ते कायम ठेवलं. आता चुकलं तर दिवसाला हजार, जास्तीत जास्त लाखभर दंड आहे.

एका नियमामागे गिऱ्हाइकाचा पैसा उभा होता, तो लवकर अंगवळणी पडला. दुसऱ्यामागे फक्त गेटबाहेरचा वाचणारा होता. त्याच्यासाठी कोर्टाला तारीख द्यावी लागली.