डुक्कर खात नाही, तरी डोळ्यात अळी कशी?

शाळेत जंताच्या गोळीचा विषय निघाला की विठ्ठलवाडीतले काही पालक आम्हां शिक्षकांना हमखास म्हणतात, "सर, टेपवर्म डुकराच्या मांसातून येतो ना? ते तर आपल्यात हराम. मग आपल्याला कसली भीती?" यातली अर्धी गोष्ट बरोबर आहे. उरलेली अर्धी माहीत नसेल तर नजर गमवावी लागू शकते.

नीट न शिजलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा पट्टकृमी वाढतो. बऱ्याचदा त्याला स्वतःला पत्ताही नसतो. कृमीची अंडी त्याच्या शौचातून बाहेर पडतात आणि घाण पाणी, न धुतलेले हात, कच्ची भाजी यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून अळी रक्तात शिरते आणि मेंदूत, स्नायूत किंवा डोळ्यात घर करते. म्हणजे मांसाला हात न लावणाऱ्यालाही हा आजार होतो.

न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू समाजातही डुक्कर निषिद्धच. तरी तिथल्या चौघांच्या मेंदूत हीच अळी सापडल्याचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी बहुधा घरकाम करणाऱ्या, संसर्ग असलेल्या व्यक्तींकडून आली होती.

आपल्याकडे लोकलच्या रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर वाढणारी पालेभाजी कोणी पाहिली नाही? तीच कोथिंबीर, तोच मुळा कचुंबरात कच्चा पडतो.

अळी डोळ्याच्या स्नायूत असेल तर डोळा लाल होतो, सुजतो, पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात. पडद्याखाली किंवा डोळ्याच्या आत असेल तर काळे डाग दिसतात, नजर मंदावते. आतली अळी मेली की जोराची सूज येते आणि तीच जास्त नुकसान करते. म्हणून डोळ्याच्या तक्रारीवर मेडिकलमधून परस्पर जंताची गोळी आणू नका. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या, सांगितली तर सोनोग्राफी करा. स्नायूतल्या अळीला बहुतेकदा औषधे पुरतात, डोळ्याच्या आतल्या अळीला ऑपरेशन लागते. शाळेत मिळणारी गोळी मुलांना जरूर द्या, पण ती पोटातल्या जंतांसाठी आहे, डोळ्याचा इलाज नव्हे.

बचाव मात्र आपल्याच हातात आहे. संडासहून आल्यावर आणि दस्तरखानवर बसण्याआधी साबणाने हात धुवा. पालेभाजी पान न् पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवा, शक्यतो शिजवूनच खा. हराम-हलाल आपण काटेकोर पाळतो. तेवढाच काटेकोरपणा हात आणि भाजी धुण्यातही हवा.