जवळचे पाहू या

यात्रा म्हटली की आपल्याला काशी आठवते, तिरुपती आठवते, रामेश्वर आठवते. त्यासाठी पैसा साठवावा लागतो. आठ-पंधरा दिवस घर सोडावे लागते. गडीमाणसाला ते एखादे वेळी जमते. बाईमाणसाला तर जन्मात एकदा जमले तरी पुष्कळ.

पण देऊळगाव राजाचा माणूस सकाळची एस. टी. धरून निघाला आणि दिवेलागणीला घरी परतला, तर एवढ्याशा वाटेवर काय काय दिसते? एक मोठे देवस्थान दिसते. एका संताचे जन्मगाव दिसते. जिजाऊसाहेबांचा वाडा दिसतो. आणि आभाळातून पडलेल्या दगडाने झालेले तळेही दिसते. हे शेवटचे पाहायला परदेशातून माणसे येतात. आपल्यातल्या कितीकांनी ते पाहिले आहे?

चला, आज आपण ही ठिकाणे समजून घेऊ.

कोरडा मुलूख

देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे गाव. आमना नदीच्या काठी वसलेले. जालना जिल्ह्याची शीव इथून जवळ. जवळचे मोठे रेल्वे स्टेशनही जालन्याचेच.

हा मुलूख काही वाळवंट नव्हे. पण होळी झाली की ओढे आटतात, माळ पिवळे पडतात, विहिरीचा दोर लांबत जातो. याचे कारण पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस वर आला. तो थरावर थर निवत गेला. त्याचाच हा काळा खडक झाला. हा खडक पाणी पोटात फार साठवीत नाही. पडलेला पाऊस वाहून जातो.

म्हणून या भागात जुन्या माणसांनी पाण्यासाठी फार कष्ट घेतले. इथली ठिकाणे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक ठिकाणी पाण्याची काही ना काही गोष्ट सापडेल.

गावचा बालाजी

पहिली भेट गावातच. देऊळगावचा बालाजी सगळ्या वऱ्हाडात आणि मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. ज्याला तिरुपतीला जाणे होत नाही तो इथे येतो. आश्विन महिन्यात मोठी यात्रा भरते. त्या वेळी लाठा मंडपाचा उत्सव होतो. लाठा म्हणजे सागवानाचे लांब, जड लाकूड. असे लाठे दोरखंडांनी ओढून उभे करतात आणि त्यांचा मंडप बांधतात. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. शेकडो हात एका वेळी लागावे लागतात. एकाने दोर सैल सोडला तर दुसऱ्याच्या जिवावर बेतेल. देवाच्या निमित्ताने गाव एकजुटीने काम करायला शिकते, ते असे.

गावाच्या नावापुढे ‘राजा’ का लागतो, ठाऊक आहे का? या भागात सिंदखेडच्या जाधवराव घराण्याची सत्ता होती. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा, किनगाव राजा अशी नावे त्या सत्तेची खूण मानतात. आता तुम्हाला वाचता येते. एस. टी. च्या पाट्यांवर ही नावे शोधा. नावातही इतिहास असतो बरं का!

मेहुणा राजा : दाराबाहेरचा संत

याच तालुक्यात मेहुणा राजा हे गाव आहे. संत चोखामेळा यांचे हे जन्मस्थान मानतात. चोखोबा नामदेव महाराजांच्या काळातले. त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा. सारेच अभंग रचणारे. एका गरीब महार कुटुंबात एवढी वाणी होती!

पण त्या काळी महाराला देवळात पाऊल टाकायची बंदी. चोखोबांनी विठ्ठलाला आळवले ते दाराबाहेरून. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत पडली आणि चोखोबा तिच्याखाली सापडून गेले. परंपरा सांगते की, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या. महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेर.

ते दार उघडायला सहाशे वर्षे लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले झाले.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. परंपरा असे म्हणते की, चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या माणसाने लिहून घेतले. चोखोबांपाशी शब्द होते, पण लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. आज तुमच्या हातात पुस्तक आहे. त्याची किंमत मेहुण्याला उभे राहिले की कळते.

जवळच देऊळगाव महीच्या बाजूला खडकपूर्णा नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला ‘संत चोखामेळा सागर’ हे नाव दिले आहे. ज्याच्या शिवण्याने पाणी बाटते म्हणत, त्याच्याच नावाचे पाणी आज सगळे पितात. थंडीच्या दिवसांत इथे पाणपाखरेही उतरतात. सकाळी लवकर गेलात तर ती दिसतील.

सिंदखेड राजा : जिजाऊंचे माहेर

देऊळगावपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर सिंदखेड राजा आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथे झाला. वडील लखुजी जाधवराव, आई म्हाळसाबाई. ज्या वाड्यात जन्म झाला त्याचा मोठा दरवाजा आजही उभा आहे. दरवर्षी १२ जानेवारीला इथे लाखो लोक येतात. निवांत पाहायचे असेल तर दुसरा दिवस धरा.

लखुजीरावांचा शेवट वाईट झाला. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, दगा करून त्यांना आणि त्यांच्या मुलांना ठार मारले. लेकीच्या माहेरची माणसे एका दिवसात गेली. दुसऱ्याच्या चाकरीत मोठी मनसब मिळाली तरी जिवाची शाश्वती नसते, हे जिजाऊंनी असे भोगले. पुढच्याच वर्षी शिवाजीराजांचा जन्म झाला. कोणत्या दुःखातून त्या आईने मुलाला स्वराज्याची शिकवण दिली असेल, ते लखुजीरावांच्या समाधीपाशी उभे राहून मनात आणावे.

या समाधीच्या जवळ २०२४ साली एक नवल घडले. पुरातत्त्व खात्याची माणसे दुरुस्तीचे काम करीत होती. तेव्हा जमिनीत जुन्या शिवमंदिराचा पाया लागला. त्याहून खाली, सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी. खाली देव-दानव समुद्र घुसळत आहेत. मूर्ती पावणेदोन मीटरच्या आसपास लांब आहे. तिचा दगड आपल्याकडचा काळा पाषाण नव्हे, वेगळ्या जातीचा मऊ दगड आहे. म्हणजे वाड्याच्याही आधी इथे मोठी वस्ती नि मोठी देवळे होती. जमिनीत काही जुने सापडले तर ते फोडू नये, विकू नये. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवावे. त्यात गावाचाच मान आहे.

आता सिंदखेडचे पाणी पाहा. मोती तलावाचा दगडी बांध पुढून एखाद्या किल्ल्याच्या तटासारखा दिसतो. चांदणी तलावात मधोमध इमारत उभी आहे. गावात जुन्या बारवाही आहेत. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिची युक्ती साधी आहे. पावसाळ्यात पाणी वर असते. दोन पायऱ्या उतरल्या की घागर भरते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तशा पायऱ्या उघड्या पडतात. माणूस पाण्यामागे उतरत जातो. दोर नको, रहाट नको. पुतळा बारवेच्या भिंतींवर तर दगडी मूर्ती कोरल्या आहेत. पाणी भरायची जागाही देखणी असावी, असे त्या लोकांना वाटले.

लोणार : आभाळाचा घाव

सिंदखेडहून पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर लोणार आहे. कडेला उभे राहिले की छातीत धस्स होते. एवढा मोठा, गोल खड्डा! आरपार मोजला तर १ किलोमीटर ८०० मीटरच्या पुढे. खोली सुमारे दीडशे मीटर. तळाशी तळे.

पुराणात म्हणतात, इथे लवणासुर राहत होता. विष्णूने त्याला मारले. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्याचेच. त्याचे कोरीवकाम सावकाश पाहावे. लोकांनी पाहिले की खड्डा आहे, पाणी खारट आहे. त्याचा अर्थ त्यांनी आपल्या परीने गोष्टीतून लावला.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली. पुष्कळ वर्षे लोक याला ज्वालामुखीचे तोंड समजत. मग शास्त्रज्ञांनी तळाशी भोके पाडून खडक वर काढला. त्यात चुरडलेला दगड आणि वितळून झालेली काच सापडली. अशी काच फार मोठ्या दणक्याशिवाय होत नाही. १९७३ साली हे छापून आले आणि नक्की झाले की, इथे आभाळातून अशनी, म्हणजे उल्केचा दगड, आदळला. केव्हा? एका मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षे आली. नंतरच्या मोजणीत ५ लाख ७० हजार आली. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. शास्त्र असेच पुढे जाते.

पाणी खारट का? चुलीवर पाणी आटवले की भांड्याच्या तळाशी पांढरे किटण उरते. इथे तेच चालते. ओढे-झरे तळ्यात येतात, पण तळ्याला बाहेर वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हे चालले आहे. नवल असे की, वरच्या कडेला गोमुखाची धार आहे, तिचे पाणी गोड! तळ्याकाठी कमळजा देवीचे देऊळ आहे. त्याच्यासमोर सासू-सुनेची विहीर आहे. पाणी वाढले की ती तळ्यात बुडते.

२०२० च्या जून महिन्यात तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या बारीक जिवांमुळे तो रंग आला होता. पाणी कमी झाले, खारटपणा वाढला, तसे ते जीव वाढले. पावसाने पाणी वाढल्यावर रंग गेला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा मान मिळाला. जगभरातल्या मोलाच्या पाणथळ जागांची ती यादी आहे.

कसे पाहावे

पावसाळा सरला की निघा. ओढे वाहते असतात, माळ हिरवे असतात. लोणारला खाली उतरायचे असेल तर सकाळीच उतरा. पाण्याची बाटली आणि शिदोरी बरोबर घ्या. म्हातारी माणसे असतील तर वरूनच तळे पाहा. चढ दमवणारा आहे.

धारेखाली किंवा तळ्यात साबण लावू नका. त्या पाण्यात जे बारीक जीव जगतात, ते दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. वाड्याच्या भिंतीवर नाव कोरू नका. लिहायला शिकलो ते दगड खरवडायला नव्हे. कागदावर लिहा. कोठे गेलो, काय पाहिले, कोणत्या पाटीवर काय होते, ते चार ओळींत उतरवून ठेवा.

चोखोबांचे शब्द दुसऱ्याने लिहिले म्हणून उरले. बारव बांधणाऱ्या गवंड्यांची तर नावेही कोणी लिहिली नाहीत. तुमच्या गावची जुनी विहीर, जुना पार, आजीने सांगितलेली गोष्ट कोण लिहिणार? आता तुम्हाला लिहिता येते. ते काम तुमचे आहे.