ऑफिसशेजारचं विधान भवन

नरिमन पॉइंटला नोकरीला लागून चार वर्षं झाली. चर्चगेटहून चालत येताना विधान भवन रोज दिसायचं. पण आपला त्याच्याशी संबंध एवढाच, की अधिवेशन सुरू झालं की बॅरिकेड्स लागतात आणि टॅक्सीवाले कटकट करतात. अनेकांना तर हे आणि मंत्रालय एकच वाटतं. (मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू!) मंत्रालयातून सरकार कारभार चालवतं आणि इथे आमदार त्याच सरकारला जाब विचारतात. १९८१ पासून हे काम या इमारतीत चालतं. त्याआधी ते रीगलजवळच्या काउन्सिल हॉलमध्ये चालायचं, तिथे आता पोलीस मुख्यालय आहे.

मागच्या अधिवेशनात एका मित्राने आमदारांच्या शिफारशीने गॅलरीचे दोन पास मिळवले. मोबाइल बाहेर, टाळ्या बंद. टीव्हीवर आपल्याला नुसता गोंधळ दिसतो, पण प्रश्नोत्तराचा तास खरंच बघण्यासारखा असतो. तारांकित प्रश्नाचं उत्तर आधीच छापून आलेलं असतं, त्यामुळे मंत्र्यांची खरी कसोटी लागते ती उपप्रश्नांना. तयारी कच्ची असेल तर अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीची वाट बघावी लागते. थेट आपली क्लायंट मीटिंग! आणि विधानसभेत २८८ आमदार असले, तरी कोरमला २९ पुरतात.

पण मी गार झालो ते विधान परिषदेचा हिशेब ऐकून. ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधरांच्या. म्हणजे तुमच्या-माझ्या! एरवीच्या मतदारयादीत नाव असून भागत नाही, वेगळा फॉर्म १८ भरावा लागतो. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. आणि दर निवडणुकीला यादी नव्याने बनते, म्हणजे मागच्या वेळचं नाव आपोआप पुढे येत नाही. मुंबई आणि कोकण पदवीधरची निवडणूक २०२४ च्या जूनमध्ये झाली. आमच्या टीममध्ये अकरा ग्रॅज्युएट, मत दिलं एकाने. तोही यूपीएससी करून दमलेला.

मित्र राहतो ठाण्यात, म्हणजे कोकण पदवीधरमध्ये. सदस्याची मुदत सहा वर्षांची, तेव्हा पुढचा नंबर २०३० ला. बाहेर पडल्यावर मोबाइल हातात घेऊन त्याने पहिला फोन सांगलीला लावला, ‘आई, माझं डिग्रीचं सर्टिफिकेट कुठल्या कपाटात आहे गं?’