सुट्टीतला पाऊस आणि आपली मुले

राखीपौर्णिमा, गोकुळाष्टमी, स्वातंत्र्यदिन या सुट्ट्या येतात त्याच दिवसांत सुरतेत पाऊस ठाण मांडून बसतो. डुमसला किंवा सापुताऱ्याला जाण्याचे बेत रद्द होतात. बमरोली, पांडेसरा, उधना भागातील आपल्या अनेक कुटुंबांचे घर एक-दोन खोल्यांचे. तेथे कंटाळलेली मुले दिवसभर गप्प ठेवायची तर हाती मोबाइल देणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. ‘भिजू नकोस’ आणि ‘हा घे मोबाइल’ या दोन वाक्यांत सुट्टी संपते. बालरोगतज्ज्ञ या नात्याने या दोन्ही वाक्यांचा फेरविचार सुचवावासा वाटतो.

प्रथम भिजण्याविषयी. सर्दी विषाणूंमुळे होते, पावसाच्या थेंबांमुळे नव्हे. बंद खोलीत दाटीने बसल्याने ते विषाणू अधिक पसरतात. निरोगी मुलाने गच्चीवर दहा-पंधरा मिनिटे भिजावे, मग डोके पुसून कोरडे कपडे घालावेत. त्यात भय नाही. अगदी तान्हे बाळ, ताप असलेले वा दम्याने त्रस्त मूल मात्र घरातच बरे. आणि विजा कडाडत असतील तर कोणीच बाहेर जाऊ नये.

खरे भय पडणाऱ्या पाण्याचे नसून साचलेल्या पाण्याचे आहे. खाडीचे पाणी रस्त्यावर येते तेव्हा त्यात उंदीर व गुरे यांचे मूत्र मिसळलेले असू शकते. त्यातील लेप्टोस्पायरा जंतू त्वचेवरील लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. दक्षिण गुजरातेत हा रोग पावसाळ्यात दरवर्षी डोके वर काढतो. अशा पाण्यात खेळलेल्या मुलास पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे वा कावीळ आढळल्यास वैद्याकडे विनाविलंब न्यावे आणि पाण्याशी आलेला संबंध आवर्जून सांगावा. ही एक माहिती निदानाची दिशा बदलू शकते.

आता मोबाइलविषयी. दोन वर्षांखालील बाळास पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मग उरलेला दिवस कसा घालवावा?

पाऊसच मोजावा. बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा उघड्या जागी ठेवावा आणि साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. वेधशाळेची नोंद सकाळी साडेआठची. आपणही तीच वेळ पाळावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ३० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १,५०० लिटर! हे गणित मूल विसरत नाही. मोजून झाल्यावर डबा पालथा करावा, अन्यथा डासांची सोय होते.

मग नकाशा उघडावा. मुलताईला उगम पावणारी तापी भुसावळजवळच्या हतनूर धरणातून पुढे येते. वाटेत चाळीसगावकडची गिरणा, धुळ्याची पांझरा तिला मिळतात. ते पाणी उकाईत साठते. उकाईची ३४५ फुटांची पातळी सुरतकरांना तोंडपाठ असते, कारण ऑगस्ट २००६ चा महापूर कोणी विसरलेले नाही. खानदेशात आजोबांच्या शेतावर पडलेला पाऊस काही दिवसांनी आपल्याच शहरातून समुद्राकडे जातो, हे समजल्यावर मुलांना गाव आणि सुरत निराळी वाटत नाहीत.

आणि आजी घरी असेल तर सागरगोटे, पत्ते आणि तिच्या अहिराणी गोष्टी आहेतच. आपल्या मुलांची शाळा गुजराती वा इंग्रजी. घरची बोली कानी पडण्यास असा निवांत दिवस क्वचित लाभतो.

यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. लागतो तो वडीलधाऱ्यांचा तासभर वेळ. कारखाना आणि दवाखाना यांच्या धावपळीत तोच दुर्मीळ झाला आहे. पाऊस आपल्याला घरी बसवतो तेव्हा तो वेळ आपसूक हाती येतो. तो मुलांच्या वाट्याला जावा, इतकेच.