दोन हसऱ्या मूर्ती : व्हेरोनाचा किल्ला आणि चर्च

इटलीस जाणारा आपल्याकडील प्रवासी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहून समाधानाने परततो. व्हेरोनाला तो उतरलाच, तर शेक्सपिअरच्या ज्यूलिएटचा म्हणून दाखविला जाणारा सज्जा पाहण्यापुरता. मीही तो पाहिला. परंतु हा सज्जा विसाव्या शतकात बसविलेला आहे हे कळल्यावर मन तेथे रमेना. मग या शहरात खरोखर जुने काय आहे ते पाहावे, म्हणून मी आदिजे नदीच्या काठाने निघालो आणि एका दिवसात एक किल्ला व एक चर्च पाहून आलो.

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. शत्रू दुरून येणार, म्हणून किल्ला उंचावर. व्हेरोनाचा कास्तेलवेक्यो मात्र सपाटीवर, वस्तीला खेटून नदीकाठी उभा आहे. लाल विटांचे तट, चौकोनी बुरूज आणि तटावर पाकोळीच्या शेपटीसारख्या मध्ये खाच पडलेल्या चर्या. हा किल्ला नेमका कोणाविरुद्ध बांधला असावा, असा प्रश्न मला पडला.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. शहरावर तेव्हा स्कालिजेर घराण्याची सत्ता होती. १३५४ साली दुसरा कांग्रांदे परगावी असताना त्याच्या सावत्र भावाने बंड करून शहर ताब्यात घेतले. कांग्रांदेने ते बंड मोडले खरे, पण आपल्याच प्रजेवरचा त्याचा विश्वास उडाला. त्याच वर्षी त्याने या किल्ल्याचे काम सुरू केले. किल्ल्यातूनच नदीपलीकडे जाणारा एक पूलही बांधविला. त्याला तीन कमानी असून सर्वांत मोठ्या कमानीचा गाळा जवळजवळ ४९ मीटरांचा आहे. शहर उठलेच, तर धन्याला उत्तरेकडे, सासुरवाडीच्या आश्रयाला निसटता यावे, हा त्या पुलाचा हेतू. म्हणजे तट प्रजेला अडविण्यासाठी आणि पूल राजाला पळण्यासाठी! एवढे करूनही १३५९ मध्ये कांग्रांदेचा खून झाला. तो केला सख्ख्या भावाने, कान्सिन्योरिओने. ज्या भयाने किल्ला बांधविला, ते भय तटाच्या आतच नांदत होते.

किल्ल्यात आता संग्रहालय आहे. १९५८ ते १९६४ या काळात कार्लो स्कार्पा या वास्तुशिल्पज्ञाने त्याची नव्याने मांडणी केली. तेथे उंचावर, उघड्या जागेत, पहिल्या कांग्रांदेचा अश्वारूढ पुतळा ठेवला आहे. हा दुसऱ्या कांग्रांदेचा चुलत आजोबा. हद्दपार झालेल्या दान्ते कवीला याने आश्रय दिला होता. शिरस्त्राण पाठीवर टाकलेले, हाती तलवार आणि चेहऱ्यावर रुंद हसू. ते हसू जिंकलेल्या माणसाचे आहे. ते पाहून आदर वाटतो, पण जवळ जावेसे वाटत नाही.

तेथून नदीच्या काठाकाठाने चालत मी सान झेनो चर्चला पोचलो. आजची वास्तू मुख्यतः बाराव्या शतकातील. दगड आणि वीट यांचे आळीपाळीने थर दिल्यामुळे भिंतींवर पट्टे उमटले आहेत. दर्शनी भागावरील वर्तुळाकार खिडकी हे दैवाचे चक्र आहे. तिच्या कडेने कोरलेली माणसे चक्राबरोबर वर चढतात आणि खाली घसरतात. राजवाड्यातील मंडळींनी ही खिडकी नीट पाहिली असती तर?

दाराच्या फळ्यांवर काशाचे ४८ चौकोनी पत्रे ठोकले आहेत. बायबलमधील कथा आणि संत झेनोचे चरित्र त्यांवर उठावात चितारले आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांची ही पोथीच. झेनो हा चौथ्या शतकातील, व्हेरोनाचा आठवा बिशप. तो आफ्रिकेतून आला असे परंपरा मानते. दारावरच्या एका पत्र्यात तो चक्क नदीवर मासे धरताना दिसतो.

आत मान्तेन्याने १४५७ ते १४६० या काळात रंगविलेले वेदीचित्र आहे. १७९७ मध्ये फ्रेंचांनी ते नेले. पुढे मुख्य चित्रे परत आली, पण खालची तीन लहान चित्रे फ्रान्समध्येच राहिली. येथे त्यांच्या नकला लावल्या आहेत.

मी अधिक वेळ थांबलो तो मात्र रंगीत संगमरवरी झेनोच्या मूर्तीपुढे. सावळा चेहरा, हातातील धर्मदंडाला लटकणारा मासा आणि ओठांवर हसू. लोक त्याला ‘हसरा झेनो’ म्हणतात. या हसण्यात कोणाला हरविल्याचा आनंद नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने दारात स्वागत करावे, तसे ते आहे.

राजा वाईट आणि संत चांगला, एवढेच सांगून मी थांबलो असतो. पण परतताना संध्याकाळी पुन्हा त्या पुलावर आलो. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल सुरुंगाने उडविला होता. युद्धानंतर नदीतून विटा नि दगड काढून तो पहिल्यासारखा उभारला गेला. १९५१ मध्ये काम पुरे झाले. एका भेदरलेल्या राजाची पळवाट पुन्हा बांधण्याची शहराला काय गरज होती? पुलावर मुले चर्यांच्या खाचांतून नदी पाहत होती, म्हातारी माणसे सावकाश फिरत होती. गरज काय होती, ते मला तेथे कळले. वास्तू कोणी आणि कशासाठी बांधली, हे इतिहास सांगतो. ती पुढे कोणाची होते, हे मात्र तिच्यावरून रोज चालणारी माणसे ठरवितात.