पखवाजाची कणीक

"आवाज बारीक ई राहिना," आई म्हणाली. आवाज बारीक येतोय, असे तिला आमच्या बागलाणी बोलीत सांगायचे होते. दिवाळीचा दुसरा दिवस होता. पुण्याहून आलेल्या मुलाने नवा रेकॉर्ड प्लेअर आणला होता, तो अण्णांच्या जुन्या अँप्लिफायरला जोडला होता आणि अभंगांची एक एल. पी. ताटलीवर फिरत होती. आईचे वय ८४. मी मुलाकडे पाहिले, मुलाने माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघेही गालात हसलो. निदान झाले होते!

अण्णा म्हणजे माझे वडील. नामपूरला शाळेत शिक्षक होते. १९६८ साली, मी पहिलीत असताना, त्यांनी हा अँप्लिफायर स्वतःच्या हाताने बांधला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी एकेक सुटा भाग आणला होता. व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. ईसीसी ८३ हा लहान व्हॉल्व्ह आवाजाला उभे करणारा आणि ईएल ८४ हा मोठा, त्याला बळ देऊन स्पीकरपर्यंत पोचवणारा. सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती. संध्याकाळी काचेच्या त्या नळ्या नारिंगी उजळल्या की आळीतली पोरे ओट्यावर जमत. अण्णा गेले, पुढे त्यांचा जुना प्लेअरही बिघडला आणि पेटी माळ्यावर गेली. दिवाळीत ती खाली आली ती केवळ आईच्या हट्टामुळे.

तर, आईचे कान. आम्ही तिला नाशिकला नेले. डॉक्टरांनी तपासले. "वयोमानाने थोडे कमी झाले आहे, विशेषतः वरच्या पट्टीतले," असे ते म्हणाले. यंत्र घेतले, खिसा बराच हलका झाला. घरी येऊन पुन्हा तीच एल. पी. लावली. आई डोळे मिटून ऐकत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पखवाजाला कणीक लावलेली नाही का रे, भाऊ?"

आईचे वडील भजनात पखवाज वाजवीत. बसण्यापूर्वी डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे त्यातून 'धुम्' असा भरीव नाद निघतो. कणीक नसली तर पखवाज नुसता टकटक करतो. आईचे हे बोलणे आम्ही म्हातारपणातली गंमत म्हणून सोडून दिले. घरासमोरून मार्केट यार्डाकडे जाणारे कांद्याचे ट्रॅक्टर तिला यंत्राशिवाय ऐकू येत होते, हेही तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही.

आवाज मात्र खरोखरच कमी होता. बटण पूर्ण फिरवले तरी शेजारच्या खोलीत पोचत नव्हता. हे मला कबूल करावे लागले ते यंत्र घेतल्यानंतर, महिन्याभराने! मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, व्हॉल्व्ह म्हातारे झाले असतील." लहान व्हॉल्व्ह नवा आणला. काही फरक नाही. मग मालेगावच्या एका जुन्या रेडिओवाल्या चाचांना बोलावले. त्यांनी पेटी उलटी केली आणि आधी मलाच दोन हात लांब बसवले. या पेटीच्या पोटात अडीचशे व्होल्टच्या वर वीज असते आणि बटण बंद केले तरी कंडेन्सर ती काही काळ धरून ठेवतात. माहीत नसलेल्याने तिथे बोट घालू नये. मोठ्या व्हॉल्व्हजवळचा एक कंडेन्सर पार सुकला होता. तो बदलल्यावर आवाज थोडा वाढला. मी म्हटले, झाले काम. आई म्हणाली, "कणीक नाहीच."

चाचांनी माझा मोबाईल मागितला, एका वायरीने तो अँप्लिफायरला जोडला आणि गाणे लावले. भिंतीवरचे कॅलेंडर हलले! "साहेब, तुमच्या वडिलांची मशीन ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आता सांगा, पहिल्या प्लेअरची सुई कसली होती?"

बँकेत ३६ वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. दिवसाअखेर ताळा जुळला नाही तर आम्ही सगळ्या वह्या उलथत नसू. अर्धे काम बरोबर ठरवायचे आणि उरलेल्या अर्ध्यात चूक शोधायची. मोबाईलने अर्धे काम बरोबर ठरवले. चूक प्लेअरकडून येणाऱ्या वायरीत होती.

अण्णांच्या काळात घरगुती प्लेअरला बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप असे. ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास वीज देई आणि अण्णांनी तेवढ्याच आवकेच्या हिशेबाने यंत्र बांधले होते. नव्या प्लेअरचे पिकअप चुंबकाचे. ते जास्त नाजूक आणि रेकॉर्डला जपणारे, पण देते फक्त चार-पाच मिलिव्होल्ट. म्हणजे पाच रुपयांचा भरणा अपेक्षित असलेल्या खिडकीवर कुणी पाच पैसे ठेवावेत, तसे! खिडकीचा काय दोष?

खरी गंमत पुढेच आहे. रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम दाबून कोरतात. नाहीतर खाच इतकी रुंद डुलेल की शेजारच्या खाचेत शिरेल आणि एका बाजूवर मावणारे गाणेही कमी होईल. याउलट वरचे बारीक स्वर वाढवून कोरतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की सुईची खसखसही त्यांच्याबरोबर उतरते. किती दाबायचे आणि किती वाढवायचे याचे प्रमाण १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ठरवले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. वाजवताना त्याची उलटी नोंद करावी लागते. क्रिस्टल पिकअप आपल्या जातीच्या गुणाने ती बरीचशी आपोआप करते. चुंबकाचे करत नाही. त्याला मध्ये एक छोटा प्री-अँप्लिफायर लागतो. हल्ली काही प्लेअरमध्ये तो आतच बसवलेला असतो. आमच्यात नव्हता.

म्हणजे आवाज नुसता कमी नव्हता, त्यातला खर्ज गेला होता. वयाने कान उतरतात तेव्हा आधी जातात ते बहुधा वरचे स्वर, खर्ज नव्हे. आई पहिल्या दिवसापासून 'धुम्' नाही असे सांगत होती. तिने दोष नेमका शोधला होता आणि स्वच्छ शब्दांत सांगितलाही होता.

मला एक जुनी गोष्ट आठवली. एका शाखेत असताना एक वृद्ध बाई दर महिन्याला पासबुक घेऊन येत. "माझं व्याज कमी आलं," एवढेच म्हणत. आम्ही त्यांना 'महिन्याच्या आजी' असे नाव ठेवले होते. चौथ्या महिन्यात मी सहज लेजर काढले. व्याज त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंच्या खात्यात जमा होत होते! मी माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही बघितलं, झालं." ती चूक मी पुन्हा करणार नाही, असे तेव्हा ठरवले होते. ती केली, आणि घरातच केली.

प्री-अँप्लिफायर मुंबईहून आला. साबणाच्या वडीएवढी डबी. चाचांनी ती मध्ये जोडली. आईने कानातले यंत्र काढून मांडीवर ठेवले होते. पहिला ठोका पडला आणि तिची बोटे आपोआप मांडीवर चालू लागली. अभंग संपेपर्यंत कुणी बोलले नाही.

"लागली कणीक," ती म्हणाली.

कानातले यंत्र वाया गेले नाही. फोनवर नातवंडांचे बोलणे तिला त्यानेच नीट कळते. पण हल्ली आई म्हणाली की आमटीत मीठ कमी आहे, तर तिच्या जिभेचे वय मोजण्याआधी मी आमटी चाखून बघतो.